मुईमुईची उलटी धाव

आजोबांच्या लव्हाळ्याच्या होडीवर मागे एकालाच बसता येई. म्हणून यादिरा आणि तिचा चुलतभाऊ एडर यांची मुईमुईंची शर्यत ठरली. जिंकणारा उद्या आजोबांबरोबर समुद्रावर जाणार!

मुईमुई हा ओल्या वाळूतला बोराएवढा खेकडा, आणि तो धावतो फक्त मागे. त्यामुळे किनाऱ्याच्या वरच्या बाजूला वाळूत ओढलेल्या शेवटच्या रेघेकडे पाठ करून त्याला सोडायचं, हे वुआंचाको गावातलं रांगतं पोरही जाणतं. पण यादिरा बढाया मारण्यात इतकी रंगली, की तिने आपल्या मुईमुईचं तोंडच रेघेकडे केलं. तो सुसाट निघाला, थेट समुद्राकडे!

“बावळट!” एडर खिदळला. तेवढ्यात एक कुरव पक्षी झेपावला आणि एडरचा मुईमुई चोचीत धरून रेघेपलीकडे उडाला.

“आजोबा, माझा जिंकला! गेला ना पलीकडे!”

“अरे, मग तो पक्षी जिंकला,” शेजारीच बसून शर्यत बघणारे आजोबा हसले. “यादिरा, तुझा निदान समुद्रात तरी गेला. होडीला असलाच गडी लागतो. चल तू.”

दुसऱ्या दिवशी यादिरा ऐटीत मागे बसली, तर होडीच्या टोकावर तोच पक्षी येऊन बसला. किनाऱ्यावरून एडर बोंबलत होता, “आजोबा, माझा मुईमुईपण आलाय! त्याच्या पोटात आहे!”