पेटीतली शिडी

तिच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी कारखान्याने घडीची शिडी काढली. लेकीचं बाळंतपण करून ती कारखान्यात तपासनीसाच्या कामावर परत आली, तर शिड्या पेट्यांत भरून तयार आणि तपासणीच्या कागदावर फक्त तिची सही बाकी.

"नमुना दहा हजार वेळा उघडला-मिटला. काही झालं नाही," साहेब म्हणाले. "करा सही."

"नमुना कोणी केला?"

"मी," फिटर म्हणाला. तो तिचा सख्खा धाकटा दीर. "चार दिवस कानस घासून एकेक बिजागरी बसवलीय, वहिनी. माझ्या हातावर भरवसा नाही?"

"तुमच्या हातावर आहे, भावजी. पण प्रत्येक पेटीत तुमचा हात भरलेला नाही."

साहेबांचा पारा चढला. "बाहेर ट्रक उभा आहे. सही करायची नसेल तर उद्यापासून तपासणीत येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. आज माझं टेबल आहे."

तिने पहार घेतली आणि सगळ्यांसमोर एक पेटी फोडली. आतली शिडी यंत्रावर चढवली. उघड, मीट. उघड, मीट. जेवणाच्या सुट्टीआधीच, एकोणीसशे चाळिसाव्या खेपेला, बिजागरीचा रिवेट तुटून टणकन फरशीवर पडला.

"एखादी निघते खराब," साहेब म्हणाले.

"मग दुसरी तुम्ही निवडा."

साहेबांनी निवडली. संध्याकाळी तीही गेली. फिटरने रिवेट उचलून नखावर धरला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे मी लावलेले नाहीत. हे बारीक आहेत. माणूस वर असताना तुटला असता तर?"

"तुम्हाला कोणी विचारलं?" साहेब खेकसले.

"कोणी नाही," फिटर म्हणाला आणि पेट्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसला. "आता ट्रक भरून दाखवा."

तिने कागदावर ठसठशीत अक्षरात 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली.

ट्रक रिकामा गेला. सगळे रिवेट बदलावे लागले. साहेबांनी बोलल्याप्रमाणे तिला तपासणीतून काढून पॅकिंगमध्ये टाकलं. तिथे ती दर दिवशी भरलेल्या पेट्यांतली एक उघडायची आणि शिडी स्वतः चढून बघायची. तिला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. थांबवायला आलेल्याला ती म्हणायची, "आधी तू चढ."

निवृत्त होईपर्यंत ती पॅकिंगमध्येच राहिली. त्यानंतर सहाव्या वर्षी, फेब्रुवारीच्या एका मंगळवारी सकाळी, ती वारली.