तुइलोमा, वय एकशे एकतीस

वालासीने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका ओळीवर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि तिथेच धरून ठेवले. तिच्या खुर्चीमागे वाकून ओटो वाचत होता. तो कंपनीचा व्यवस्थापक, पण शाळेत तिच्याच वर्गातला, त्यामुळे साहेबपणा त्याला तिच्यापुढे कधी जमला नाही. ओळीत लिहिले होते: तुइलोमा, गाव वाईतोलो, वय एकशे एकतीस. गेल्याच मंगळवारी या गृहस्थांनी कंपनीच्या ट्रकमध्ये नारळ भरून दिले होते.

"आपलंच तेल पीत असणार," ओटो म्हणाला. "डब्यावर म्हाताऱ्याचा फोटो छापू या का?"

वालासीला हसू आले नाही. आपिया बंदराच्या धक्क्यामागे त्यांची ही खोबरेल तेलाची कंपनी. नारळ खरेदी करणाऱ्यांची एक यादी, ट्रक पाठवणाऱ्यांची दुसरी, सेंद्रिय बागा तपासणाऱ्यांची तिसरी, आणि तिन्ही याद्यांचे आपसात कधी पटले नव्हते. एकाच गावाला दोन ट्रक जायचे आणि शेजारच्या गावचे नारळ ढिगातच कोंब फुटून वाया जायचे. यंदा परदेशातल्या गिऱ्हाइकांनी बजावले होते की प्रत्येक बागेमागे उत्तर देणारा एक जिवंत माणूस दाखवा, नाहीतर ती बाग यादीतून गेली. तपासनीस महिनाअखेरीला येणार होता. बैठकीत सगळे छताकडे पाहत असताना वालासीने हे काम अंगावर घेतले, आणि एकदा घेतल्यावर सोडायचा तिचा स्वभाव नव्हता.

तीन याद्यांची एक यादी करायची तर कॉम्प्युटरला नियम हवा. तो तिनेच लिहिला होता: नाव एक, गाव एक, बाग एक, म्हणजे माणूस एक. बिचाऱ्या कॉम्प्युटरने सांगितले तसे केले. पणजा, आजा आणि बाप अशा तिघांना एकत्र करून त्याने एक दीर्घायुषी तुइलोमा उभा केला.

ही चूक ऑकलंडहून आलेल्या एखाद्या तज्ज्ञाने केली असती तर तिने त्याला आनंदाने फाडून खाल्ले असते. पण ती इथलीच, सामोआची. इथे कुळाच्या प्रमुखाला मताई म्हणतात, आणि मताईला कुळाचे मानाचे नाव मिळते. तो गेला की तेच नाव घरातल्या पुढच्या माणसावर येते. नाव राहते, माणसे बदलतात. हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होते. मग कामाच्या टेबलाशी बसल्यावरच ते कसे विसरले, याचा तिला मनस्वी राग आला.

तिने नियम पुसला आणि कंबर कसली. आता नावाचा रकाना वेगळा, माणसाचा वेगळा. माणसाच्या रकान्यात जन्मानंतर ठेवलेले नाव, आणि त्यापुढे मानाचे नाव त्याच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होते ते. शिवाय नवा दंडक घातला की यादीतला प्रत्येक नंबर कोणीतरी लावून पाहायचा आणि पलीकडे खरोखरच तो माणूस बोलतो का ते ऐकायचे. तिने ओटोलाही सोडले नाही. सवाई नावाच्या बेटाची अर्धी यादी त्याच्या पुढ्यात टाकली आणि कचेरीचा फोन त्याच्या टेबलावर सरकवला. तो कुरकुरला, पण बसला. पलीकडून कोणी सांगे की आमचे ते तुलाफोनो ईस्टरलाच गेले, आता त्यांचा पुतण्या तुलाफोनो आहे. कोणी आपल्या गावात त्या नावाचे दोघे असून दोघांचेही एकमेकांशी उत्तम चालले असल्याचे सांगे. वालासी प्रत्येकाला त्याच्या जागी बसवत गेली. ओळी कमी होत गेल्या, बागा आणि माणसे जुळत गेली.

शेवटी एकच बाग उरली.

ओटोने ती ओळ पाहिली, आणि या वेळी थट्टा केली नाही. वाईतोलो कोणाचे गाव हे त्याला माहीत होते. वालासीच्या बापाच्या अंत्यविधीला तो बोटीने तिथे गेला होता.

"इथं जिवंत माणूस नसेल तर बाग काढावी लागेल," तो हळूच म्हणाला.

"माहितीये. नियम मीच केलाय."

बाग काढायची म्हणजे तिच्यावर जगणाऱ्या सगळ्या घरांचे नारळ कंपनीला घेता येणार नाहीत. ती घरे तिच्या आत्याची होती, चुलत्यांची होती. तिने इआनेता आत्याला फोन लावला. आत्या तिच्या बापाची थोरली बहीण. तिने आधी पावसाचे, मग चर्चमधल्या नव्या गायकांचे आणि शेवटी आपल्या गुडघ्याचे सविस्तर वर्तमान सांगितले. मग वालासीने विचारले की मंगळवारी नारळ देताना बाबांचे नाव का सांगितले.

"तुझ्या बापाचं कुठं सांगितलं? त्याचं नाव इओसेफो. मी तुइलोमा सांगितलं."

"आत्या, मग तुइलोमा कोण आहे आत्ता?"

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. आत्याने त्यांना हाकलले.

"तेच तर दोन वर्षं आम्ही तुला विचारतोय, पोरी. सगळं घर कबूल आहे. तुझ्या दोन्ही काकांनी मान डोलावलीये. अडलंय ते तुझ्याशी. कधी तुझी बोट चुकते, कधी कचेरीतलं काम. तुला नाव द्यायच्या दिवशीच्या जेवणासाठी राखलेली डुकरं म्हातारी व्हायला लागली."

वालासीची बोट कधीच चुकली नव्हती. खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. बापाला घरात सगळे तुइलोमाच म्हणायचे, तिची आईसुद्धा. ते नाव आपण घेतले की उद्यापासून त्या हाकेला आपण ओ देणार, आणि मग बाप कुठेच उरणार नाही, याची तिला भीती वाटत होती. बाप तिला अजून हवा होता. म्हणून नाव मोकळे ठेवून ती चालढकल करत राहिली, आणि आत्या मोकळ्या नावाने नारळ देत राहिली.

फोन ठेवल्यावर ती त्या ओळीकडे वळली. मग तिने माणसाच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहिले: इओसेफो. हे नाव तिने आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकले होते. पुढे मानाचे नाव, ते मिळाल्याची तारीख. आणि 'कधीपर्यंत'चा कोरा ठेवलेला शेवटचा चौकोनही तिने भरला: बाप गेला ती तारीख. नोंद पुसली गेली नाही. पणजा आणि आजा यांच्या खाली, आपल्या स्वतःच्या नावाने, इओसेफो तिथे नीट बसला. कोणीही नंतर आले तरी त्याला उठवू शकणार नव्हते. वालासीने डोळे पुसले आणि आत्याला पुन्हा फोन केला.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "डुकरांना सांग."

ओटोकडे तिने सोमवारची सुट्टी मागितली. कारण त्याने विचारले नाही.

मंगळवारी ती परत आली तेव्हा उन्हाने नाक सोललेले होते आणि टेबलावर तिने टोपलीभर शिजवलेले तारोचे कंद ठेवले. आल्या आल्या तिने कॉम्प्युटर उघडला, चार शब्द आणि एक नंबर भरला, आणि यादीचे शेवटचे पान छापून ओटोच्या पुढ्यात ठेवले.

"वाईतोलोची बाग राहिली होती. नंबर लावून बघ."

"तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार."

"दंडक म्हणजे दंडक."

ओटोने सुस्कारा सोडला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आकडे एकेक करून दाबले. पलीकडे घंटा वाजू लागली. तशीच ती वालासीच्या पिशवीतही वाजू लागली. ओटोचा हात रिसीव्हरवर थबकला. वालासीने तारोची टोपली बाजूला केली, पिशवीत हात घालून फोन काढला आणि खुर्चीत ताठ बसून कानाला लावला.

"तुइलोमा बोलतेय," ती म्हणाली.