हिरव्या पानाचा स्टिकर

आजीच्या ताटाच्या झाकणावर हिरव्या पानाचा स्टिकर होता. म्हणजे आतलं जेवण निव्वळ वनस्पतींचं. तरी आजीनं ताट हुंगलं आणि बाजूला सारलं. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून रोज हेच. नुसता पाव आणि पाणी. जन्मभर बस चालवलेली ही बाई आता उशीवरून मान उचलतानाही धापा टाकायची.

"फार हट्टी आहेत," डॉक्टर बाबांना म्हणाले. "आता जेवल्या नाहीत तर संध्याकाळी नाकातून नळी घालावी लागेल."

"आई, खा की गं चार घास," बाबा काकुळतीला आले. "लोकांसमोर तमाशा नको."

"मटणाचा वास मारतोय," आजी पुटपुटली.

"अहो आजी, मटार आहेत ते! मटार काय बकरीला लागतात?" सिस्टर म्हणाल्या. बाबा हसले.

खाटेपाशी उभ्या असलेल्या नातीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आजीनं मांस सोडलं तेव्हा ती जन्मलीही नव्हती. त्या आजीचं नाक चुकेल? ताट उचलून ती तरातरा तळमजल्यावरच्या किचनकडे निघाली, आणि दारातच थबकली.

मुख्य आचारी एकाच भल्यामोठ्या पातेल्यातून मटण-मटार वाढत होते. मग काही ताटांतले मटणाचे तुकडे चिमट्यानं उचलून परत पातेल्यात, आणि त्या ताटांच्या झाकणांवर टप्पकन हिरवं पान!

"काका! हे काय चाललंय?"

"तुकडे काढले ना? उरली भाजी."

"तुमच्या चहात माशी पडली तर काढून पिता का?"

"पितो की!"

भांडी घासणारे फिसकन हसले. तिनं हातातलं ताट ओट्यावर आदळलं.

"खुशाल प्या! दुसऱ्याला देताना माशी नव्हती म्हणून सांगू नका. तुमच्यापायी माझ्या आजीच्या नाकात नळी जाणार आहे. चला वर!"

ते हलेनात, तेव्हा तिनं त्यांचा चिमटाच उचलला आणि जिन्याकडे पळ काढला. "ए, माझा चिमटा!" करत ते मागोमाग वॉर्डात येऊन पोचले. समोर डॉक्टर उभे.

"सांगा," ती म्हणाली.

"तुकडे... काढले होते," आचारी चाचरले.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाबा खाटेच्या काठावर टेकले. "आई, तू आम्हाला सांगायचंस ना..."

"सांगितलं होतं," आजी म्हणाली. "तू हसलास."

तासाभरानं घासलेल्या पातेल्यात शिजलेली मसूर आणि उकडलेले बटाटे आले. या वेळी ताट आचारी स्वतः घेऊन आले होते. आजीनं हुंगलं, खाल्लं, वाटी पुसून घेतली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या वॉर्डाची ट्रॉली खडखडत गेली. तिच्यावरच्या झाकणांवर हिरवी पानं चमकत होती, दुपारच्याच ताटांवरची.

"माझं बघत काय बसलीस?" आजीनं डोळे वटारले. "धाव!"

ती चिमट्यासकट धावली.