काठावरचा दम

साधनानं डोक्यावर तांब्या ओतला तशी निकितानं गाल फुगवून दम धरला. पाणी ओघळून गेलं तरी सोडला नाही. दोन वर्षांच्या पोरीला हा खेळ बापानंच शिकवला होता.

न्हाणीच्या दगडाला टेकवलेला फोन वाजला. मालवणहून नवऱ्याचा, पवनचा, व्हिडिओ कॉल. त्याच्या मागं होडी हलत होती आणि अंगात काळा, घट्ट पोशाख, पाठीवर हवेची टाकी होती.

"आज मी बी खाली चाल्लो. ठिपक्यांचा मासा आला. आपल्या मेडशीच्या एसटीएवढा. थंडीतच येते म्हणते. पुण्या-मुंबईचे लोकं त्याच्यासाठीच येऊन राह्यले."

"तुमी तं होडीवर सामान उचलाले गेलते ना?"

"एक गडी तापानं पडला. म्या सांगतलं, मले येते."

"येते?"

"अवं, गावातल्या समद्या विहिरी कोनं पाह्यल्या?"

ते खरंच होतं. कुणाच्या मोटरीचा पाइप गाळात अडकला की हाक पवनलाच. कमरेला दोर बांधून तो बुडी मारायचा. वर दोर धरणाऱ्यानं त्याच्यासंगं दम धरायचा आणि आपला संपला की हिसका द्यायचा, अशी रीत. लग्नानंतर तो दोर साधनाच्या हाती आला. पवन वर आला की दोघंही सारखीच धापा टाकत, आणि काठावरच्या बाया हसत.

"इथं दोर नाही," पवन म्हणाला. "पन तू दम धरजो. मले खाली समजते."

मागून कुणीतरी पर्यटकांना सांगत होतं. वाऱ्यात शब्द तुटत होते.

"...टाकीतली हवा घेताय, तर श्वास अडवायचा नाही. घेत राहा, सोडत राहा. वर येताना अडवलात तर आत हवा फुगते. फुप्फुस फाटतं..."

"अवो, ते काय म्हणून राह्यले, आयका ना."

"ते नवख्यायसाठी हाय." पवन हसला, चष्मा डोळ्यांवर ओढला. "बुडबुड्यानं मासा बुजते म्हणते. मी तं दम धरूनच बसतो त्याच्यापाशी."

फोन बंद झाला. तिनं लावला. संपर्काबाहेर. पुन्हा लावला.

ओट्यावर तूर निवडत बसलेल्या सासूनं, मनकर्णाबाईंनी, विचारलं, "काय म्हने माहा पवन?"

"पान्यात उतरून राह्यले, आत्याबाई."

"मंग धर दम. तुले तं सवय हाय."

आणि म्हातारीनं सूप मांडीवर ठेवून स्वतःही तोंड मिटलं.

तेव्हा साधनाला कळलं, आपली छातीही केव्हाची ताठ झालीय. तिनं तोंड उघडलं. मोठ्यानं श्वास सोडला, घेतला, पुन्हा सोडला. दूरवर कुणाला तरी ऐकू जावा असा.

समोर निकिता अजून गाल फुगवून बसली होती. डोळ्यांत हसू.

"सोड," साधना म्हणाली.

पोरीनं मान हलवली.

साधनानं तांब्या खाली ठेवला. ओल्या बोटांनी तिचे गाल हलकेच दाबले.

"सोड, माय. सोड ना."

पोरीला वाटलं, खेळच आहे. तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.