आश्रुबांचा चेहरा

येलदरीच्या जलाशयावर आश्रुबांनी तीस वर्षं मासेमारी केली. कुणी फोटो काढायला लागलं की ते हातातला मासा तोंडापुढं धरायचे. "ह्याचा काढ. माझं काय बघायचं?" त्यामुळं त्यांच्या मुलीच्या, अर्पिताच्या फोनमध्ये वडिलांचे हात होते, जाळं होतं, कटला अन् रोहू होते. चेहरा नव्हता.

अर्पिता पुण्यात मोबाइल गेमच्या कंपनीत चित्रं काढायची. व्हेक्टर चित्रं. म्हणजे सगळं बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं काम. फाइल हलकी राहते, आणि चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. दोन वर्षांपूर्वी मासेमारीच्या खेळासाठी नावाडी हवा होता. तिनं आठवणीतून वडिलांना, दादांनाच काढलं. साहेबांना चित्र आवडलं, पण ते म्हणाले, "बिंदू फार झालेत. साध्या फोनवर गेम अडखळेल. कमी कर." मग तिनं कपाळावरच्या आठ्या पुसल्या, भुवईवरचा जुना व्रण पुसला, आणि त्याच नावानं फाइल सेव्ह केली; आधीचं चित्र गेलं.

दादांना दाखवलं तेव्हा ते लाजून हसले. "लय जवान केलंस की मला!"

यंदा पौषात जाळं ओढतानाच त्यांच्या छातीत कळ आली. जोडीदार भुजंगनं नाव काठाला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर माय म्हणाली, "भिंतीला फोटो पायजे त्यांचा." आधार कार्डावरचा फोटो जिंतूरला मोठा करून आणला, तर नाकाडोळ्यांच्या जागी नुसते करडे डाग. मग अर्पितानं खेळातली फाइल उघडली. नाव आणि वल्हं काढून टाकलं, चेहरा तेवढा ठेवला आणि छापून आणला. रेष न् रेष स्वच्छ होती.

मायनं तो बराच वेळ हातात धरला.

"हा कोण हाय गं?"

"दादा हायेत, माय."

"न्हाई. ह्याच्या अंगावर ऊनच पडलेलं न्हाई."

अर्पिता लॅपटॉप घेऊन ओसरीत तिच्याजवळ बसली. "सांग, आठ्या किती होत्या?"

"तीन. मधली तुटलेली."

तिनं एकेक बिंदू ठेवत तीन रेषा ओढल्या. मायनं मान डोलावली. अर्पितानं डोळ्यांखालची कातडी सैल केली, गाल आत घेतले. माय पुढं सरकून बघायला लागली.

"अन् व्रण कुठल्या भुवईवर होता? मलाच आठवंना."

मायचा हात स्वतःच्या कपाळाकडं गेला. उजवीकडं थांबला, मग डावीकडं. मग तो तसाच मांडीवर पडला.

अर्पितानं भुजंगकाकाला फोन लावला. "डाव्या," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "का उजव्या गं? रोज समोर बसायचो मी त्याच्या..."

माय पदरानं डोळे पुसत राहिली. "संग एवढी वर्षं काढली मी," ती म्हणाली, "अन् एवढंबी ध्यानात ठिवता आलं न्हाई मला."

"मीच पुसला माय तो," अर्पिता म्हणाली. "माझ्या हातानं."

व्रणाशिवायच चित्र छापलं. अर्पितानं ते भिंतीला लावलं, मायनं हार घातला. संध्याकाळी शेजारची बायनाबाई आली. चित्राकडं बघत उभी राहिली.

"माझ्या लेकीनं काढलंय," माय तिला म्हणाली. कुणाचं आहे, ते काही ती बोलली नाही.