चंबूतली फसफस आणि वाचवलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना काचेचा चंबू आहे. बूड रुंद, मान बारीक. माझा जन्म ज्या भट्टीत झाला, तिच्या धगीनं शेजारच्या शिवारातली वांगी झाडावरच भाजून निघायची. लोक नुसतं मीठ घेऊन यायचे. रेल्वेनं परळीला उतरलो, तर अंगावर एवढी राख बसली की एका बाईनं मला तांब्या समजून घासायला घेतलं. तिच्या हातून सुटलो आणि शिरूर कासारच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत आलो.

मला एका जागी बसवत नाही. त्यात नशिबी आम्ल! त्यात मॅग्नेशियमची फीत पडली की पोटात अशी फसफस उठते की विचारू नका. एकदा कुणी जरा जहाल आम्ल ओतलं, तर मी टेबलावरून उतरून दारापर्यंत चालत गेलो. शिपाई धोंडीराम म्हणतो, "खोटं हाय." पण तो तेव्हा स्टुलावर घोरत होता.

यातली गंमत ऐका. आम्लाचे कण फितीला धडकतात, तेव्हा ती झिजते. पाटोद्याच्या बाजारात भर गर्दीत पावलागणिक धक्का बसतो. बाजार उठला की कुणी कुणाला लागत नाही. तसंच हे. पाणी घातलं की आम्लाचे कण विरळ होतात, धडका कमी होतात, फीत सावकाश विरघळते. शहाणी माणसं याला संहतीचा, म्हणजे दाटपणाचा, परिणाम म्हणतात.

यंदा बारावीच्या प्रात्यक्षिकाला मी सुकन्याच्या वाट्याला आलो. मेंढपाळ हरिबाची ही पोरगी. बापानं बजावलं होतं, "नापास झालीस तर कळपामागं चालायचं." तो फाटकाबाहेर मेंढरं घेऊन उभाच होता.

आधी सुकन्यानं पुरतं आम्ल घेतलं. फीत भसकन गेली. मग निम्म्या संहतीचं आम्ल करायचं होतं. तिनं आम्ल निम्मं घेतलं, पण शेजारी ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. फीत टाकली. पुन्हा तेवढ्याच वेळात गायब. माझी तर तगमग झाली. ओरडावं म्हटलं, तर तोंडातून नुसते बुडबुडे.

परळीहून आलेल्या परीक्षक विजयमाला मॅडम जवळ आल्या. "पाणी का घातलं नाहीस?"

"मॅडम, प्रयोग झाला की ओतूनच द्यायचं की. चांगलं पाणी कावून नासायचं?"

आमच्याकडं टँकर आठवड्यानं येतो. तिचंही खरंच होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "निम्मा ग्लास ताक घेतलं, तर ताक पातळ होतं का?"

"न्हाई. ताक निम्मं होतं, पातळ न्हाई होत." बोलता बोलता ती थबकली. "अगं बया. म्या आम्ल पातळ केलंच न्हाई."

फितीचा एकच तुकडा उरला होता. तिनं मला विसळलं, निम्मं आम्ल घेतलं, तेवढंच पाणी ओतलं आणि डोळे मिटून फीत टाकली. बुडबुडे रमतगमत वर येऊ लागले. मला तर वाटलं, कुणी पोटावरून हात फिरवतंय. सुकन्या एकदा घड्याळाकडं बघे, एकदा मॅडमच्या तोंडाकडं. फीत जाता जाईना. अखेर शेवटचा बुडबुडा फुटला, मॅडमनी वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "आता बरोबर. जा."

बाहेरून हरिबानं हाळी दिली, "काय झालं रं धोंडीराम, पोरीचं?"

"मेंढरामागं दुसरं माणूस बघ," धोंडीराम म्हणाला. "ही काय आता येत न्हाई."

हरिबानं एक चुकार कोकरू काखेत घेतलं आणि कळप एकट्यानंच हाकत निघाला.

मित्रांनो, पाणी जपा, माझी ना नाही. पण प्रयोगानं मागितलेलं पाणी म्हणजे नासाडी नव्हे, तेवढं त्याला द्या. आणि काम झालं की मला न विसळता, कळकट ठेवून जाऊ नका. पुढच्या पोरीचं उत्तर माझ्याच पोटातून निघायचं असतं.