चाकाखालचे दगड

हैबतरावांच्या टँकरचा सेल्फ मेला होता आणि हैबतरावांना तो दुरुस्त करायचा नव्हता. सगळं रामायण एवढ्यावरून झालं. चांद्याच्या वरच्या आळीतून एक गल्ली सरळ खाली उतरते. त्या उतारावर तो पाण्याने भरलेला टँकर तोंड खाली करून उभा असायचा. सकाळी चाकाखालचे दगड काढले की गाडी आपल्याच वजनाने सुटायची, भिवाजी ड्रायव्हर तिला गिअरमध्ये घालायचा आणि इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. उतार संपतो आणि गल्ली वळते तिथे, टँकरच्या अगदी नाकासमोर, अंगणवाडीची खोली होती. तिला दार एकच आणि तेही गल्लीकडे उघडणारं.

ही अंगणवाडी हेमलताची. म्हणजे सरकारची, पण पोरांची नाकं पुसणं, त्यांना गाणी शिकवणं, त्यांच्या ताटात खिचडी वाढणं हे सगळं हेमलता आणि मदतनीस गंगूबाई करत. हेमलताचं घर हैबतरावांच्या घराला भिंतीला भिंत लावून. नात्याने ते तिचे चुलत दीर. त्यामुळे या माणसाला ती रोज उठून बघत होती आणि रोज तिला तो आदल्या दिवसापेक्षा कमी माणूस वाटत होता.

हैबतरावांनी रान बिल्डरला विकलं, त्या रानावर सोसायटी उभी राहिली आणि आता त्या सोसायटीला ते बोअरचं पाणी विकत. याला ते धंद्याची अक्कल म्हणत. दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची पांढरी गाडी होती. तिला कापडाचं झाकण, खाली रबराची चटई, वरून पंखा. टँकरला मात्र गावाचा रस्ता. शेडपुढे अंगण एवढं मोठं की टँकर सहज वळून उभा राहिला असता. पण अंगण सपाट होतं. सपाट जागेवर गाडी सुरू करायची तर सेल्फ लागतो.

हेमलताने पहिल्यांदा विचारलं तेव्हा नीट, डोक्यावर पदर घेऊन विचारलं होतं. "भाऊजी, खाली लेकरं बसत्यात. गाडी अंगणात लावा की."

"आजवर गेली का कदी खाली?" हैबतराव दात कोरत म्हणाले.

"एकदाच जायची असती."

"बाई, तू पोरांना अ आ इ शिकीव. गाड्यांचं आमी बगतो."

मग तिने ग्रामसभेत विषय काढला. सगळे पुढारी चहाच्या कपात काहीतरी हरवल्यासारखे खाली बघत बसले. चौकीवरचा हवालदार येऊन गेला. त्याने टँकरचा फोटो काढला, हैबतरावांकडे सरबत घेतलं आणि जाताना हेमलतालाच समजावलं की शेजाऱ्याशी गोडीने राहावं. नवरा शैलेश तर काय, नुसता नवरा. "आपल्याच भावकीतला माणूस हाय, कशाला वाकड्यात शिरायचं," एवढं बोलून तो हैबतरावांच्याच ओट्यावर पत्ते खेळायला जायचा.

तेव्हा टँकरच्या चाकाखाली अर्धी फुटकी वीट असायची. पाण्याने गच्च भरलेलं ते धूड अर्ध्या विटेच्या भरवशावर! शेवटी हेमलता आणि गंगूबाईने पडक्या बांधाचे दोन काळे दगड लोटत आणले. चांगले चौकोनी, बसके. कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून त्यांच्यावर चुन्याचे पट्टे ओढले. भिवाजीला बजावलं, रोज हेच लावायचे. हैबतराव ओट्यावरून हसले. "बाईनं माझ्या टँकरला चपला घातल्या," म्हणाले आणि ओट्यावरचे सगळे पोट धरून हसले. शैलेशसुद्धा.

आखाड लागला. श्रावणात मटण खाता येत नाही म्हणून आखाडात दोन महिन्यांचं खाऊन घेणारी मंडळी ती. हैबतरावांनी बुधवारी आळीला जेवण ठेवलं. गावात त्यांच्या तोंडाला कोणी का लागत नाही याचं उत्तर या जेवणात होतं. ज्याच्या घशाखाली हैबतरावांचा रस्सा उतरला त्याचा आवाज कायमचा तिथेच बसला.

बुधवारी जेवणापायी टँकरची फेरी निघाली नव्हती आणि अंगणवाडी भरलेली होती. खिचडीची ताटं मांडून झाली आणि हात धुवायला हेमलता दाराबाहेर आली. सवयीने तिने वर बघितलं. टँकर होता. चाकाखाली दगड नव्हते.

तिने पुन्हा बघितलं. चाकांपुढे ओला मुरूम आणि त्यात दगडांच्या बुडाचे दोन चौकोनी वण, बाकी काही नाही. पोरांना बाहेर काढावं तर दारातून पाय पडतो तो टँकरच्या पुढ्यातच. तिने गंगूबाईला हाक मारली. "पोरांना मागच्या भिंतीशी बसीव. दार लाव. मी येस्तवर एकालाबी भाईर सोडू नको."

आणि ती चढ चढून गेली. वाटेत तिने चाकाखाली घालायला काही मिळतं का बघितलं. गटाराकडेची चार खापरं सोडली तर काही नव्हतं.

हैबतरावांच्या अंगणात पुरुषांचा मेळा भरला होता. मधोमध चूल पेटली होती आणि चुलीवर लग्नातलं भलंमोठं पातेलं रटरटत होतं. पातेलं तीन दगडांवर होतं. त्यातल्या दोन दगडांवरचे चुन्याचे पट्टे काजळीखालून अजून दिसत होते.

हेमलताने आपले दगड ओळखले. गावात दगडांना काय तोटा? माळावर जाऊन तीन दगड आणायला या शूरवीरांच्या कमरा मोडत होत्या काय? हाताशी दिसले ते उचलले. ते कशाला तिथे ठेवले होते हा विचार एकाच्याही डोक्याला शिवला नव्हता, कारण डोकी आज मटणात होती.

"भाऊजी, चाकाखालचे दगड काढलेत तुमी."

"चुलीला बरे बसले," हैबतराव म्हणाले. "तुज्या हाताला गुण हाय."

हशा झाला.

"आत्ताच्या आत्ता परत लावा. खाली खोली भरली हाय."

"अगं, गाडी गिअरमदी हाय. कुटं जातीया?"

हेमलता भिवाजीकडे वळली. तो पळीने रस्सा ढवळत होता. "भिवाजी, गिअर धरतो का?"

भिवाजीने मालकाकडे बघितलं, मग पातेल्यात बघितलं. "धरतो की. कदीमदी निसटतो."

हे ऐकून एकानेही पाट सोडला नाही. हेमलताने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. यातल्या निम्म्या जणांची पोरं त्या खोलीत होती. पोरांच्या बापांनाच ती त्यांची पोरं वाचवायला विनवणार होती, आणि याची तिला विलक्षण किळस आली.

"माऊली," ती म्हणाली, "तुजी सृष्टी हाय खाली."

माऊली पंचविशीतला, भाकरी चुरत बसलेला. तो अर्धवट उठला. त्याने गल्लीकडे मान केली, मग पातेल्याकडे. पातेल्यावर तर्री आली होती.

"ताई, पाच मिन्टं," माऊली म्हणाला. "शिजतच आलंय. उतरलं की मी सोता लावतो दगड."

आणि तो परत खाली बसला.

"ऐकलंस न्हवं?" शैलेश कुजबुजला. "पाच मिन्टं म्हणतोय तो. जा आता, तमाशा करू नको."

हेमलताने तमाशा केला. सरपणाच्या ढिगातला एक लांब ओंडका तिने उचलला, चुलीशी गेली आणि दगडामागे घालून सगळ्या अंगाचा जोर दिला. दगड सरकला, पातेलं कलंडलं आणि आखाडाचं मटण मसाल्यासकट, तर्रीसकट हैबतरावांच्या अंगणात पसरलं.

मग मात्र सगळे उठले. काय चपळाई! जो तो पातेल्याकडे धावला. कोणी पळीने, कोणी झाकणाने, एक जण तर टोपीने राखेतले तुकडे गोळा करू लागला. "धर, धर, तिकडचं धर!" असा ओरडा झाला. हैबतराव हेमलताला अशा शिव्या घालत होते की त्यांच्या गळ्यातली साखळी नाचत होती. आतून त्यांची बायको तुळजाबाई आली आणि तिने ओलं गोणपाट चुलीकडे फेकलं. ते तिने आग विझवायला फेकलं की आणखी कशाला, हे तिने पुढे कधी सांगितलं नाही. हेमलताने ते उचललं, तापलेल्या दगडावर टाकलं आणि दगड लोटत गल्लीत नेला. एक चाक झालं. ती परत आली. दुसरा दगड लोटताना गोणपाट सरकलं आणि उजव्या तळव्याचं कातडं दगडाला चिकटलं. तिने दगड सोडला नाही. तिच्या मदतीला एक माणूस आला नाही. सगळ्यांचे हात रश्श्यात होते.

टँकर जागचा हलला नाही. त्या दिवशी गिअर निसटला नाही. त्यामुळे हेमलता खोटी ठरली आणि मटण खरं ठरलं.

संध्याकाळी भावकी बसली. हेमलताला बोलावलं नव्हतं. शैलेश परत आला तो तोंड पाडून, पण बातमी घेऊन.

"झालं तुज्या मनासारखं. उद्या सेल्फ बसीवणार हायेत. गाडी अंगणात लावायचं ठरलं."

हेमलता हळद लावलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. "पोरांचं कोण बोललं?"

शैलेशने आठवून बघितलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, तेवढी अक्कल त्याला नव्हती. "पोरांचं न्हाई कोण बोललं. समदे म्हणले, परत जेवान करायचं तर गाडी हलवा, न्हाईतर ही बाई परत पातेलं पालथं घालंल."

हेमलताला हसू आलं. वर्षभर तिने लेकरांची नावं घेऊन गाव पालथं घातलं होतं, आणि गावाला समजली ती मटणाची भाषा.

दुसऱ्या दिवशी उतार मोकळा होता. अंगणवाडी उघडली तेव्हा दारात माऊली उभा. रोज त्याची बायको यायची, आज सृष्टीचं बोट धरून तो स्वतः आला होता. हेमलताला वाटलं, लाज वाटली असेल, माणूसच आहे शेवटी. ती उंबऱ्यात थांबली.

माऊलीने सृष्टीला पुढे ढकललं, पायाने मुरूम उकरला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर असंल. पर मटणाची लई नासाडी केलीत वो."

हेमलताने सृष्टीला आत घेतलं. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून तिने डाव्या हाताने दार त्याच्या तोंडावर लावलं.